दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण?

शेवटची कसारा लोकल मध्यरात्र उलटून गेल्यावर रिकामी होते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्या फलाटावर उतरलेल्यांत कामावरून घरी परतणारे थोडे होते. पाठीवर सॅक आणि हातात पाण्याची बाटली घेतलेलेच जास्त. स्टेशनबाहेर जीपवाल्यांची हाकाटी चालू होती. ट्यूबलाइटखाली एक तरुण मोबाइलवरची यादी पाहून नावं पुकारत होता, आणि तीसेक माणसं एकेक करून ‘हजर’ म्हणत होती. बहुतेकांनी एकमेकांना त्याच रात्री पहिल्यांदा पाहिलं होतं. चहाच्या टपरीपाशी चौघं मित्र उभे होते. त्यांच्याकडे यादी नव्हती, आंबेवाडीतल्या एका माणसाचा फोन नंबर तेवढा होता. दोन्ही घोळक्यांना जायचं होतं ते एकाच डोंगररांगेत, अलंग, मदन आणि कुलंगकडे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सोबत’ हा विषय दिला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा डोंगरच आला. गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारी सह्याद्रीत जाणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे. नव्याने जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : ग्रुपबरोबर जाऊ, की स्वतंत्र गाइड घेऊ? उत्तर बहुतेक वेळा पैशांत दिलं जातं. ग्रुप स्वस्त, गाइड महाग, आणि विषय संपतो. डोंगरात मात्र हा प्रश्न पैशांपाशी संपत नाही, म्हणून तो तिथेच जाऊन पाहायचा असं ठरवलं.

बसमधल्या जागांचा हिशेब

आधी ग्रुपचं गणित समजून घेऊ. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या वीकएंड ट्रेकचा खर्च दोन भागांत असतो. बस किंवा टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं, लीडरचं मानधन आणि दोर-हार्नेसची झीज हा भाग माणसं किती आली यावर फारसा बदलत नाही. गावातलं जेवण, चहा-नाश्ता आणि प्रवेश शुल्क हा भाग माणसागणिक वाढतो. बसच्या पहिल्या वीस-बावीस जागांतून पहिला खर्च निघतो आणि आयोजकाच्या हाती खऱ्या अर्थाने पैसा उरतो तो शेवटच्या दहा-बारा जागांतून. त्यामुळे बस पूर्ण भरणं ही त्याची गरज असते. यात लबाडी नाही, व्यवसायच तसा आहे. पण डोंगरावर किती माणसं जावीत हा आकडा मग डोंगर ठरवत नाही, बस ठरवते. हे ग्राहकाने ओळखून असावं.

चांगल्या ग्रुपची घडण मात्र पाहण्यासारखी असते. पुढे लीडर, मध्ये एक-दोन सहायक आणि सर्वांत मागे स्वीपर. स्वीपरच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम. ज्याची चप्पल तुटली, ज्याला गोळा आला, ज्याला पावलागणिक बसावंसं वाटतं, तो स्वीपरच्या ताब्यात जातो. मला भेटलेल्या ग्रुपचा स्वीपर पंचविशीतला होता. त्याच्या सॅकमध्ये प्रथमोपचाराची पेटी, जादा टॉर्च, इलेक्ट्रॉलची पाकिटं आणि दोन रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. त्याची नजर सतत लोकांच्या पायांवर असे. “चेहऱ्यावर सगळेच हसतात सर, दमलेला माणूस पायांवरून कळतो,” असं तो म्हणाला.

ग्रुपने दिलेली आणखी एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. ज्यांच्या घरी डोंगराचा वारसा नाही आणि ज्यांचे मित्र येत नाहीत, त्यांच्यासाठी ग्रुपनेच दार उघडलं. एकट्या मुलीने किंवा पन्नाशीतल्या बाईने सह्याद्रीत जायचं ठरवलं तर अनोळखी माणसाबरोबर एकटीने जाण्यापेक्षा वीस जणांत जाणं तिला सोपं वाटतं. घरच्यांची परवानगीही त्यानेच मिळते. त्या बसमध्ये अशा अनेक जणी होत्या.

ढोरवाट आणि माणसाची वाट

आता दुसरी बाजू. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातलं आंबेवाडी हे या तीन किल्ल्यांच्या पायथ्याचं गाव. पलीकडे अकोले तालुका, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आणि राज्यातलं सर्वांत उंच, 1646 मीटरचं कळसूबाई शिखर. या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती मोठी आहे. पावसाळ्यात भात, नागली, वरई. पिकं निघाली की हाताला काम कमी. या मोकळ्या महिन्यांत वाट दाखवण्याचा रोजगार इथल्या तरुणांना मिळू लागला आणि गावोगाव वाटाडे तयार झाले.

मी ज्या वाटाड्याबरोबर चढलो त्याने गाव सोडल्यावर अर्ध्या तासात पहिला धडा दिला. शेतं संपून रान सुरू होतं तिथे वाटेला दोन फाटे फुटले होते. डावीकडची वाट रुंद, मळलेली आणि सोपी होती. मी साहजिकच तिकडे वळलो. “ती ढोरवाट हाये दादा,” तो म्हणाला, “पाण्यापर्यंत जाईल आन् थांबल.” उजवीकडे कारवीच्या वाळलेल्या काठ्यांत शिरणारी, डोळ्यांना दिसतही नव्हती अशी रेघ होती. माणसाची वाट ती.

सह्याद्रीत चुकणारे बहुतेक जण अशा फाट्यांवरच चुकतात. या डोंगरांची रचनाच तशी आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हे कडे तयार झाले. कठीण बेसॉल्टच्या थराचा उभा कातळ होतो, मऊ थर झिजून त्याचा आडवा पदर होतो. पदरावर झाडी असते, गुरं चरतात आणि त्यांच्या वाटांचं जाळं पडतं. कातळातून वर जायला मात्र एखादी नाळ किंवा एखादी सोंड एवढीच फट असते. ती फट चुकली की तासन् तास पदरावरून आडवं चालत राहावं लागतं आणि पाणी संपतं. मोबाइलमधला नकाशा वाटेची रेघ दाखवतो. ती रेघ गेल्या पावसात कोसळलेल्या दरडीखाली गेली आहे की नाही, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं.

गावच्या माणसाला आणखी काय माहीत असतं? कुठल्या टाक्याचं पाणी फेब्रुवारीत पिण्याजोगं आहे आणि कुठल्याचं नाही. कुठल्या कपारीला यंदा आग्या मोहोळ लागलं आहे. त्या कपारीखालून जाताना त्याने आम्हाला बोलणं बंद करायला लावलं आणि अत्तर-स्प्रे लावलेला नाही ना, हे आधीच विचारून घेतलं होतं. सह्याद्रीत आग्या माश्यांच्या हल्ल्याने ट्रेकर जखमी झाले आहेत, जीवही गेले आहेत. तीस माणसांना एका वेळी गप्प ठेवणं लीडरला जड जातं. चार माणसं खुणेवर गप्प होतात.

दोरावरची रांग

अलंग-मदनच्या खिंडीतून मदनकडे वर गेलं की कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात आणि मग पायऱ्या तुटलेला उभा टप्पा येतो. तिथे दोर लागतो. अलंगलाही असाच कातळटप्पा आहे. कुलंग चढायला लांब आणि दमवणारा असला तरी तिथे दोर लागत नाही. या त्रिकुटाकडे येणाऱ्यांची खरी परीक्षा मदनच्या आणि अलंगच्या कातळावर होते, आणि ग्रुप की गाइड या प्रश्नाचं निम्मं उत्तरही तिथेच मिळतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्री कसाऱ्याला भेटलेला ग्रुप तिथे रांगेत उभा होता. वर एक जण बिले देत होता, म्हणजे चढणाऱ्याचा दोर ओढून घेत त्याला सांभाळत होता. खाली दुसरा प्रत्येकाचा हार्नेस तपासत होता. कमरेचा पट्टा, पायांचे पट्टे, दोर अडकवायच्या कॅराबिनरचं कुलूप. प्रत्येकाच्या कॅराबिनरला तो स्वतःच्या हाताने दाबून पाही. काम चोख चाललं होतं. अडचण होती ती वेळेची.

हिशेब करून पाहा. दोर एक आहे आणि प्रत्येकाला बांधणं, चढणं, सोडणं यासाठी आठ मिनिटं लागतात असं धरू. तीस माणसं म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं, चार तास. उतरताना रॅपलिंगला तेवढाच वेळ धरला तर एका कातळटप्प्यासाठी आठ तास. सहा माणसांना हेच काम चढताना अठ्ठेचाळीस मिनिटांत आणि उतरताना तेवढ्याच वेळात उरकतं. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. तीस माणसांच्या ग्रुपमधला शेवटचा माणूस चांगला चढणारा असो की वाईट, तो अंधारात उतरणार हे सकाळी गावातून निघतानाच ठरलेलं असतं. अंधारात दमलेल्या माणसाच्या हातून कॅराबिनरचं कुलूप उघडं राहतं. उन्हात तासन् तास रांगेत बसलेल्या माणसाच्या पायात पेटके येतात. अपघाताची सुरुवात दोर तुटण्याच्या कितीतरी आधी, अशा रांगेत होते.

यावर उपाय नाही असं नाही. जबाबदार ग्रुप दोन दोर शेजारी शेजारी लावतात, एक चमू आदल्या दिवशी पुढे पाठवतात किंवा माणसंच कमी घेतात. म्हणून कातळटप्प्याच्या ट्रेकसाठी पैसे भरण्याआधी माणसं किती, दोर किती आणि दोर लावणारे किती, हे तीन आकडे विचारावेत. एका दोरामागे दहाच्या वर माणसं निघाली तर दुसरा ग्रुप शोधावा.

वाट जाणणारा आणि दोर जाणणारा

इथे गावच्या वाटाड्याची मर्यादाही समोर येते. माझ्याबरोबरचा तरुण त्या कातळावर अनवाणी, दोराशिवाय चढत असे. लहानपणापासून चढत आला आहे. पण मला वर घ्यायचं म्हटल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, “माझं मी चढीन दादा, तुमचं दोराचं काम त्या सरांकडं.” हा प्रामाणिकपणा प्रत्येकाकडे असतोच असं नाही.

दोराचं काम हे वेगळं शास्त्र आहे. कातळात ठोकलेला बोल्ट दिसला म्हणून त्याला दोर अडकवायचा नसतो. तो पावसात किती वर्षं गंजला आहे, ठोकणाऱ्याने कसा ठोकला आहे, हे वरून कळत नाही. शिकलेला माणूस एकाच अँकरवर कधीच भिस्त ठेवत नाही. तो दोन किंवा तीन स्वतंत्र आधार घेतो आणि भार त्यांच्यात असा वाटतो की एक निखळला तरी बाकीचे धरून ठेवतील. पहिला चढणारा ताणला जाणारा डायनॅमिक दोर वापरतो, कारण तो पडला तर झटका दोराने शोषायचा असतो. रॅपलिंगसाठी कमी ताणणारा स्टॅटिक दोर लागतो. दोराची अदलाबदल झाली तर पडणाऱ्याचा कणाच तो झटका सोसतो. हे ज्ञान उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट अशा संस्थांत सुमारे चार आठवड्यांच्या बेसिक कोर्सपासून शिकवलं जातं आणि पुढे वर्षानुवर्षं कातळावर राहून मुरतं.

सह्याद्रीत ‘गाइड’ या एका नावाखाली दोन वेगळी माणसं मोडतात. एकाला वाट येते, दुसऱ्याला दोर येतो. दोन्ही येणारी माणसं आहेत, पण कमी. स्वतंत्र गाइड घेणाऱ्याने आपल्याला यातलं काय हवं आहे ते आधी ठरवावं. कुलंगला, रतनगडाला, पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडाला वाट जाणणारा पुरतो. मदनला, अलंगला दोर जाणणारा हवाच, आणि जोडीला गावचा माणूस असेल तर सोन्याहून पिवळं.

नाळेतला दगड

ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट अनुभवी ट्रेकरांना प्रिय आहे. कोकणकड्याच्या अंगाने वर जाणारी ही अरुंद, दगडगोट्यांनी भरलेली घळ. मध्ये लहान कातळटप्पे, वर घसारा. इथे दोरापेक्षा मोठा धोका असतो तो सुटलेल्या दगडाचा.

अशा नाळेत चढण्याची जुनी शिस्त आहे. सगळ्यांनी अगदी जवळजवळ चालायचं, म्हणजे पुढच्याच्या पायाखालून निसटलेला दगड वेग घेण्याआधीच मागच्याच्या हाताशी थांबतो. नाहीतर एकाने सुरक्षित आडोशापर्यंत जायचं आणि मग दुसऱ्याने निघायचं. पाच-सहा जण ही शिस्त सहज पाळतात. पंचवीस माणसं घळीत शंभर मीटरभर पसरली की पहिल्याने लोटलेला दगड शेवटच्यापर्यंत पोहोचताना भिरभिरत येतो. आवाज दिला तरी अरुंद घळीत बाजूला व्हायला जागा नसते. हेल्मेट असलं पाहिजे हे खरं, पण हेल्मेट मोठ्या दगडाला थांबवत नाही. तिथे संख्या हाच धोका आहे. अशी वाट लहान चमूने आणि जाणत्या माणसाबरोबरच करावी.

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांची गोष्टही याच जातीची. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या आणि हात घालायच्या खोबण्या एका वेळी एकाच रांगेपुरत्या आहेत. पावसाळ्यात चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन अडकू लागले तेव्हा वन विभागाला गर्दीवर निर्बंध घालावे लागले.

मॅटरहॉर्नचा धडा

हा प्रश्न आपल्याकडेच उभा राहिला असं नाही. गिर्यारोहणाचं माहेर मानल्या जाणाऱ्या आल्प्समध्ये तो दोनशे वर्षं जुना आहे. मॉं ब्लांच्या पायथ्याच्या शामोनी गावात 1820 साली हिमकडा कोसळून तीन गाइड दगावले. त्यानंतर 1821 मध्ये तिथल्या गाइडांनी स्वतःची संघटना उभारली. कुणाची पाळी कधी आणि मोबदला किती, याचे नियम गावानेच ठरवले. आज त्या भागात माउंटन गाइड हा वर्षानुवर्षं शिकून मिळवायचा परवानाधारक व्यवसाय आहे. मॉं ब्लांच्या चढाईला एका गाइडमागे दोन माणसं आणि मॅटरहॉर्नच्या हॉर्न्ली धारेवर एका गाइडमागे एकच माणूस, असा तिथला रिवाज.

पण नुसत्या प्रमाणाने भागत नाही, हे त्याच मॅटरहॉर्नने दाखवलं. 14 जुलै 1865 रोजी मॅटरहॉर्नच्या 4478 मीटर उंच शिखरावर पहिल्यांदा माणसं पोहोचली. सात जणांचा चमू होता. त्यात तीन गाइड होते आणि मिशेल क्रो हा त्या काळातल्या सर्वोत्तम गाइडांपैकी एक. प्रमाण पाहिलं तर उत्तमच. पण हा चमू पायथ्याच्या झरमॅटमध्ये ऐन वेळी दोन तुकड्या एकत्र करून बनवलेला होता. त्यात 19 वर्षांचा, डोंगरांचा फारसा अनुभव नसलेला हॅडो होता. उतरताना त्याचा पाय घसरला, तो क्रोवर आदळला, त्यांच्यामागोमाग चमूतले हडसन आणि डग्लस ओढले गेले. डग्लस आणि गाइड असलेला थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला आणि चौघंही कोसळले. एडवर्ड व्हिम्पर आणि टाउगवाल्डर बापलेक तेवढे वाचले.

ग्रुपच्या बाजूने आणि गाइडच्या बाजूने बोलणाऱ्या दोघांनीही हा प्रसंग नीट वाचावा. तिथे निष्णात गाइड होते आणि धाडसी माणसंही होती. एकमेकांची पारख मात्र नव्हती. एका दोरात बांधलेल्या माणसांपैकी कोण किती कच्चा आहे हे इतरांना माहीत नसेल तर तो दोर सगळ्यांनाच घेऊन जातो.

उंचीवर वेळापत्रक चालत नाही

सह्याद्रीत दोन वर्षं फिरलेला मराठी ट्रेकर तिसऱ्या वर्षी हिमालयाकडे वळतो. तिथे पुष्कळांची सुरुवात युथ होस्टेल्स असोसिएशनच्या शिबिरांतून होते. रोज एक तुकडी निघते, पुढच्या कॅम्पवर तंबू आणि जेवण तयार असतं आणि खर्च मध्यमवर्गाच्या आवाक्यात राहतो. या शिबिरांनी मराठी घराघरांत हिमालय पोहोचवला.

पण जसजशी उंची वाढते तसतसा ठरलेल्या तारखांचा काच जाणवू लागतो. 3000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. विरळ हवेशी जुळवून घ्यायला प्रत्येक शरीर वेगळा वेळ घेतं आणि तंदुरुस्तीचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. मॅरेथॉन धावणारा आडवा पडतो, ढेरपोट्या काका मजेत चालत राहतात. स्वतंत्र गाइडबरोबर असाल तर डोकेदुखी थांबेपर्यंत एक दिवस थांबता येतं. तुकडीला थांबता येत नाही, कारण मागून दुसरी तुकडी येत असते. त्या वेळी डोकेदुखी लपवण्याचा मोह होतो. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, या भिडेपोटी माणसं आजार अंगावर काढतात. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचायला लागलं तर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणं. उशीर झाला तर तोही चालत नाही.

इथे गाइडच्या बाजूलाही एक उणीव आहे. तुम्ही एकटे, गाइड एकटा, आणि पाय गाइडचाच मुरगळला तर? त्याला कोण उतरवणार? ग्रुपमध्ये हात जास्त असतात. एक जण जखमीपाशी बसतो, दोघं मदत आणायला जातात. म्हणून बर्फाच्या किंवा लांब पल्ल्याच्या वाटेवर दोघांपेक्षा लहान चमू बरा. चार माणसं आणि दोन जाणते, हे प्रमाण मला सर्वांत समजूतदार वाटतं. एकाला खाली न्यायचं झालं तर दुसरा जाणता उरलेल्यांबरोबर राहतो.

परत फिरायचं कोण ठरवणार?

या सगळ्या फिरतीत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ग्रुप की गाइड हा प्रश्न अखेरीस परत फिरण्याच्या निर्णयाचा आहे. तो निर्णय कोण घेणार, कुणाकडे पाहून घेणार, आणि घेतला तर त्याला त्याची किंमत मोजावी लागणार का?

पावसाच्या सुरुवातीला कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात मी हे पाहिलं. ढग उतरले होते, वरच्या लोखंडी शिड्या दिसत नव्हत्या. एका मोठ्या ग्रुपचा लीडर लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. पैसे भरून, रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, प्रत्येकाला माथ्यावरचा फोटो हवा. त्याने निम्म्या वाटेवरूनच परतायचं जाहीर केलं तेव्हा कुरबुर झाली, पैसे परत मिळतील का, असंही कुणी विचारलं. तो ठाम राहिला. त्याच्या जागी पहिलाच हंगाम करणारा, रिव्ह्यूच्या धास्तीतला लीडर असता तर तो इतका ठाम राहिला असता का, याची मला खात्री नाही. त्याच सकाळी एक बाप आपल्या दोन मुलांना घेऊन गावच्या माणसाबरोबर निघाला होता. पहिल्या शिडीपाशी धाकट्याने पाय मागे घेतला. वाटाड्या त्याच्याशेजारी बसला, त्याला पाणी दिलं आणि बापाला म्हणाला, “आज इथवर पुरे.” तिथे मतं मोजायची नव्हती.

याचा अर्थ पैसे घेणारा गाइड नेहमी खरंच सांगतो असा नाही. एव्हरेस्टवर 10 आणि 11 मे 1996 या दोन दिवसांच्या वादळात आठ जण गेले. त्यात मोठी फी भरून आलेली माणसं होती आणि त्यांना नेणारे नामांकित गाइडही होते. दुपारी अमुक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे आधी बोललं गेलं होतं. तरीही काही जण ती वेळ टळून गेल्यावर शिखराकडे चढत राहिले. परत फिरण्याची वेळ खाली, शांत डोक्याने ठरवायची आणि वर ती मोडायची नाही, हा त्या दोन दिवसांनी साऱ्या जगाला दिलेला धडा आहे.

तिसरी वाट : संस्था

ग्रुप आणि गाइड या दोहोंच्या आधीपासून महाराष्ट्रात आणखी एक पद्धत आहे, ती गिर्यारोहण संस्थांची. पुण्याची ‘गिरिप्रेमी’ 1982 मध्ये सुरू झाली आणि तिच्या चमूने 2012 मध्ये एव्हरेस्ट गाठलं. मुलुंडची ‘चक्रम हायकर्स’ वर्षानुवर्षं ‘सह्यांकन’ हा ट्रेक भरवत आली आहे. गावोगावी अशा लहान-मोठ्या संस्था आहेत. इथे नवखा माणूस पहिल्या वर्षी मागून चालतो, दुसऱ्या वर्षी दोर वाहतो, तिसऱ्या वर्षी गाठी मारतो आणि मग कधीतरी त्याच्या हाती बिले दिला जातो. मधल्या काळात तो कुठे घाबरतो, कुठे उतावळा होतो, हे सगळ्यांना कळलेलं असतं. मॅटरहॉर्नच्या त्या चमूत जी पारख नव्हती ती इथे आपोआप तयार होते.

डोंगरात अपघात झाला की धावून जाणारेही बहुतांशी याच संस्थांतले. लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’ असोत की महाबळेश्वरचे ट्रेकर्स, ही माणसं नोकरी-धंदा बाजूला ठेवून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. संस्थेच्या वाटेत एकच अडचण आहे, ती वेळ मागते. ज्याला वर्षातून दोनदाच डोंगरात जायचं आहे त्याला ती परवडत नाही. पण ज्याला डोंगर शिकायचा आहे त्याला दुसरी शाळा नाही.

माझं उत्तर

तेव्हा निवड कशी करावी? मळलेली वाट, एका दिवसाचा ट्रेक, सोबतीला कुणी नाही, अशी परिस्थिती असेल तर चांगल्या ग्रुपबरोबर निःशंक जा. मात्र तो वीसच्या आत असावा, मागे स्वीपर असावा आणि जोडीला गावचा माणूस घेतलेला असावा. घरातली मुलं, वडीलधारी माणसं बरोबर असतील किंवा वाट अनोळखी, झाडीची असेल तर गावच्या वाटाड्याला घ्या. त्याचा मोबदला बहुधा दिवसाचा असतो, डोक्यावर नसतो. चार-पाच जणांत वाटला की ग्रुपच्या फीपेक्षा फार वेगळा पडत नाही. कातळटप्पा, नाळ किंवा बर्फ असेल तर लहान चमू आणि दोराचं शिक्षण घेतलेला माणूस, यात तडजोड नको. आणि दरवर्षी जायची इच्छा असेल तर संस्थेचं सभासदत्व घ्या.

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची अट घातली. पैसे भरताना नोंदणी विचारा. पण कागदावर थांबू नका. लीडरला फोन करा आणि सरळ विचारा : एखाद्याला खाली न्यायचं झालं तर बाकीच्यांबरोबर कोण राहणार? मागे फिरायची वेळ कोणती ठरवली आहे? मागच्या वेळी माथा न गाठता कधी परतलात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्यापाशी तयार असेल, त्याच्या दोराला स्वतःला बांधून घ्यायला हरकत नाही.

आणि एक विनंती. गावच्या वाटाड्याशी पैशांची घासाघीस करू नका. ठरलेला मोबदला पूर्ण द्या, त्याच्या घरी जेवलात तर जेवणाचे वेगळे द्या आणि त्याचा नंबर पुढच्या चौघांना द्या. डोंगर ओळखणारी माणसं डोंगरात टिकून राहिली, तरच पुढच्या पिढीला विचारायला कुणी असेल.